शंभरातले किती उगवले

नंदाबाईला चित्र दाखवून कुणी काही विकू शकत नाही. साडी नाही, कुकर नाही, अन् बियाण्याची पिशवी तर नाहीच नाही. एकवीस वर्षं झाली, नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत ती बी मोजते. पिशवीवर मक्याचं कणीस माणसाच्या मांडीएवढं छापलेलं असतं. नंदाबाई ते कणीस टेबलाकडं पालथं करून ठेवते, आतले शंभर दाणे काढते, ओल्या कागदावर दहा-दहाच्या रांगेत मांडते, कागदाची गुंडाळी करून गरम कपाटात उभी करते आणि आठव्या दिवशी उघडते. धड मूळ अन् धड कोंब असेल ते नॉर्मल. वाकडंतिकडं फुटलेलं ते ॲबनॉर्मल. जीव आहे पण पाणीच पीत नाही, ते कडक. बोटानं दाबलं की पिचकतं, ते मेलेलं. चार रकाने, खाली बेरीज शंभर, अन् कोपऱ्यात सातवी पास बाईची ठसठशीत सही.

या कामाचा कायदा एकच. दाणे हाताला येतील तसे घ्यायचे, निवडायचे नाहीत. टपोरे टपोरे वेचून शंभर लावले तर कचराही पास होतो, असं ती नव्या पोरींना पहिल्याच दिवशी सांगते.

एकदा सोयाबीनच्या एका लॉटचे चौसष्ट निघाले. सत्तरच्या खाली लॉट नापास. मॅनेजर साहेब स्वतः टेबलापाशी आले, खुर्ची ओढून बसले आणि मधात घोळून म्हणाले, की नंदाबाई, डोळे थकले असतील तुमचे, पुन्हा मोजा, सहाचाच तर प्रश्न आहे. नंदाबाईनं पुन्हा मोजले. चौसष्ट. साहेबांनी तिसऱ्यांदा सांगितल्यावर ती उठली, पेन त्यांच्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "मंग तुमीच मोजा साहेब. सहीबी तुमचीच करा." सहा महिने तिला पोती शिवायला बसवलं. तिच्या जागी आलेल्या पोराचे आकडे अन् शेतातली उगवण यांची भेटच होईना, तेव्हा तिला गुपचूप परत टेबलावर आणलं. तिनं कुणाचे आभार मानले नाहीत. आधी कपाटाचं तापमान तपासलं, कारण ते त्या पोरानं बिघडवलं असणार याची तिला खात्री होती. बिघडवलंच होतं.

तर अशा बाईच्या घरात बारावीचा निकाल लागला. अर्पिताला चौऱ्याहत्तर टक्के पडले आणि तिचा बाप वसंता, जो स्टेशन ते जुना जालना रिक्षा चालवतो, त्यानं त्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाला, उतरायच्या घाईत असलेल्यालासुद्धा, तो आकडा सांगितला. पुढच्या रविवारी तो मायलेकींना घेऊन एका मंगल कार्यालयातल्या करिअर मेळाव्याला गेला. तिथं पुण्याकडच्या एका खाजगी विद्यापीठाचा ऋषी नावाचा पोरगा टाय लावून बसला होता. त्यानं नंदाबाईला मॅम म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला मॅम म्हटलं होतं, आणि तिला लगेच संशय आला.

ऋषीची भाषा अशी, की वाक्य मराठीत निघायचं आणि मुक्कामाला इंग्रजीत पोचायचं. बी.टेक., त्यात एआय, चार वर्षांचे अकरा लाख, होस्टेल-मेस वेगळं. पण मॅमनी याला खर्च म्हणू नये, इन्व्हेस्टमेंट म्हणावं. एक्स्पोजर बघावं, कॅम्पस बघावा, प्लेसमेंट बघावी. त्यानं चकचकीत पुस्तक उघडलं. पानोपानी कोट घातलेली पोरं-पोरी, प्रत्येकाच्या खाली पगाराचा आकडा. अर्पिताचे डोळे त्या कोटांवर चिकटले. वसंताच्या डोळ्यांपुढं अंबड चौफुलीच्या पुढचा त्यांचा एकुलता एक प्लॉट आला आणि त्यानं मनातल्या मनात तो विकूनही टाकला. नंदाबाईनं पुस्तक पालथं करून ठेवलं.

"यातले किती उगवले?" तिनं विचारलं.

ऋषी हसला. म्हणाला, मॅम, आमची प्लेसमेंट शंभर टक्के आहे. झालं. शंभरपैकी शंभर उगवलेलं बी नंदाबाईनं एकवीस वर्षांत फार थोड्या वेळा पाहिलं होतं, अन् दर वेळी मोजणाऱ्याचीच चूक निघाली होती.

सीट पुढच्या रविवारी संध्याकाळी सहापर्यंतच धरून ठेवू, असं ऋषीनं बजावलं, आणि जाता जाता त्याच्या हातून एक गोष्ट घडली. अर्पिताला सीनियर लोकांशी बोलता यावं म्हणून त्यानं तिला व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये घातलं. विद्यापीठातून बाहेर पडलेले मराठवाड्याचे विद्यार्थी, दोनशे चौदा जण, सगळ्यांचे नंबर उघडे. नंदाबाईनं घरी येऊन ती यादी खालपर्यंत सरकवत नेली आणि तिच्या चेहऱ्यावर नवा लॉट आल्यावर येतो तसा उजेड आला.

तिनं लेकीला सांगितलं, की रविवारपर्यंत आठ दिवस आहेत, आठव्या दिवशी मोजणी. अर्पितानं कोट घातलेला फोटो बघून पहिला नंबर लावायला घेतला, तर नंदाबाईनं तिचं मनगट धरलं. निवडायचं नाही. एक सोडून एक, शंभर होईस्तोवर.

अर्पिता चिडली. तिला जायचं होतं. तिला तो कोट पाहिजे होता, होस्टेल पाहिजे होतं, आईच्या ओल्या कागदाच्या वासापासून लांबची एक खोली पाहिजे होती. "तू कधी कॉलेजात पाय ठेवला का? तुला काय कळतं त्यातलं?" ती बोलून गेली.

नंदाबाईनं तिचं मनगट सोडलं. मग म्हणाली, "सोयाबीनबी मी कधी पेरलं न्हाई. लाव नंबर."

त्या आठवड्यात घरात दुसरा आवाज नव्हता. डब्याच्या सुट्टीत, गच्चीवर, वसंताच्या उभ्या रिक्षात फोन स्पीकरवर ठेवलेला, आणि नंदाबाईच्या मांडीवर दोनशे पानी वही. प्रश्न दोनच, काय शिकलात आणि आता काय करून राह्यलात. एकाला खरंच चांगली नोकरी लागली होती. तो तोंडभरून बोलला, मास्तरांची नावं घेऊन बोलला, आणि नंदाबाईनं त्याला मान डोलावून पहिल्या रकान्यात घेतलं. एक जण दहा मिनिटं अशा रुबाबात बोलला की वसंताला वाटलं हा कंपनीचा मालकच. शेवटी त्यानं हळूच विचारलं, ताई, तुमच्या पप्पांच्या रिक्षाचा विमा आहे का. तो दुसऱ्या रकान्यात. बरेच जण अजून कसल्या ना कसल्या परीक्षेची तयारी करत होते. त्यांना तिनं कडक म्हणून लिहिलं. कडक म्हणजे वाईट नाही, असं तिनं लेकीला समजावलं. पाणी आज घेत नाही, उद्या घेईल. चौथ्या रकान्याच्या डोक्यावर सवयीनं तिनं मेलेलं असं लिहिलं होतं. एका पोरानं, घरी बसलोय, एवढंच सांगून फोन ठेवला, तेव्हा पेन त्या रकान्यापाशी थांबलं. मग तिनं वरून खालपर्यंत रेघ मारून तो रकानाच काटला. माणसाला हा रकाना नाही, म्हणाली, आणि त्या पोराला कडकमध्ये घेतलं.

बुधवारी शहागडची शालू लागली. नाव ऐकताच अर्पितानं चकचकीत पुस्तक ओढलं. सातव्या पानावर तीच होती, निळा कोट, खाली साडेसात लाख. मागून ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. शालू हायवेवर बापाच्या हॉटेलात गल्ल्यावर बसत होती. एका कंपनीनं नोकरीचं पत्र दिलं, बोलावतो म्हणाली, त्याला चौदा महिने झाले होते.

"पण पुस्तकात तर तुमचं पॅकेज छापलंय," अर्पिता म्हणाली.

"हो, दरसाली छापून राह्यले ते," शालू म्हणाली. "तुला कुठं भेटलं ते पॅकेज तर मलाबी कळव गं. एक मिनिट हां. काका, दोन चहाचे वीस झाले."

फोन संपल्यावर अर्पिता पुस्तकाकडं बघत बसली. पुढचा नंबर तिनं आईनं सांगायच्या आत लावला.

गुरुवारी केदारखेड्याहून संघपाल आला, वसंताचा धाकटा भाऊ, जिल्हा परिषदेचा मास्तर. तो साधा चहा मागतानासुद्धा सभेत बोलल्यासारखा बोलतो; आधी प्रस्तावना, मग मुद्दा, मग उपस्थितांचे आभार. त्यानं वही पाहिली आणि उभा राहिला. म्हणाला, की वहिनी, आपल्या माणसांच्या पिढ्यान्पिढ्या शाळेच्या दाराबाहेर गेल्या. शिक, हा आपल्याला मिळालेला पहिला शब्द. आता पोरगी निघाली तर आईच आडवी पडून राह्यली, याला काय म्हणावं.

हे मात्र नंदाबाईला लागलं. गल्लीत चार घरं ऐकत होती. तिनं वही मिटली नाही.

"भाऊजी, शिकू नको असं म्हणलं का मी? बी घेऊ नका, असं मी आजवर कोणाला म्हणलं न्हाई. बघून घ्या म्हणते. पहिला शब्द फुकट भेटला आपल्याला. त्याला अकरा लाखाचं तिकीट कोणी लावलं, ते मला सांगा."

संघपालला उपस्थितांचे आभार मानायला जागा राहिली नाही. पण मास्तर माणूस, हार कशी मानणार. त्यानं डाव टाकला, की मग जालन्यातल्या अनुदानित कॉलेजचंही मोजा, तीन वर्षांत सगळी मिळून तीसेक हजार फी, तिथं काय सोनं उगवतं ते बघू. रात्रीतून त्यानं ओळखीच्या पोराकडून त्या कॉलेजच्या बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या जुन्या बॅचची यादी मागवली. नंदाबाई खूष. यादी विरोधकाची असल्यावर निवडल्याचा आळ येत नाही. शुक्रवार-शनिवार पुन्हा फोन, पुन्हा एक सोडून एक. या वेळी एक फोन वसंता लावी, एक संघपाल. दोघांनाही त्याची गोडी लागली होती. संघपाल तर, नाव नोंदवून घेतले आहे, धन्यवाद, असं म्हणून फोन ठेवायचा.

रविवारी साडेपाचला ऋषी फॉर्म घेऊन गल्लीत आला. टाय तोच. वसंतानं पाणी दिलं, संघपालनं खुर्ची दिली, आणि नंदाबाईनं वही दिली.

त्याच्या विद्यापीठाचे नव्व्याण्णव मोजून झाले होते. पहिल्या रकान्यात बावीस. जालन्याच्या कॉलेजचे शंभर, पहिल्या रकान्यात तेवीस. ऋषीनं दोन्ही पानं पाहिली आणि सराईतपणे म्हणाला, की मॅम, असं मोजता येत नाही, ब्रँड व्हॅल्यू पण असते. नंदाबाई म्हणाली, की आमच्याकडंबी असती; बी तेच, पिशवी तेवढी भारी छापलेली. छापील पिशवीपायी घरचा प्लॉट जाणार नाही.

"पण मॅम, हे नव्व्याण्णवच आहेत," ऋषी म्हणाला. त्याला वाटलं फट सापडली.

"हो. शंभरावा नंबर तुमचा निघला," नंदाबाई म्हणाली. ग्रुपच्या यादीत तोही होता, एक सोडून एक करत बोट त्याच्यावर येऊन थांबलं होतं, आणि अर्पितानं लाजून फोन लावला नव्हता. "काय शिकलात, अन् आता काय करून राह्यलात?"

ऋषीनं घड्याळाकडं पाहिलं. मग गळ्याशी दोन बोटं घालून टाय थोडा सैल केला. तो जेव्हा बोलला तेव्हा वाक्य मराठीत निघालं आणि मराठीतच पोचलं. "मेकॅनिकल केलं, काकू. आता हे करतो. महिन्याला बारा ॲडमिशन आणाव्या लागतात." रकान्यांची नावं त्यानं पुन्हा एकदा वाचली, बोट दुसऱ्यावर ठेवलं. "इथं लिहा."

नंदाबाईनं लिहिलं. बेरीज शंभर झाली. मग तिनं त्याला चहा दिला, अन् त्यानं तो घाई न करता प्यायला. सहा वाजून गेले. सीट गेली.

अर्पिता दारात उभी होती. ती म्हणाली, की ती जालन्याच्या कॉलेजात जाईल, पण कुणी असं समजू नये की ती स्वस्त म्हणून जातेय. "तेविसातच निघणार मी. लिहून ठेव."

आईनं लिहिलं, पण ते नाही. तिनं वहीचं कोरं पान काढलं. प्रत्येक गुंडाळीवर लिहितात तसं वर लॉटचं नाव लिहिलं, अर्पिता वसंता. खाली लावल्याची तारीख. त्याखाली तीन रकाने आखले आणि तिन्ही रिकामे ठेवले.

"निघाल्यावर मोजीन," नंदाबाई म्हणाली. "अन् तुझी आई हाये म्हणून एकबी वाढवून देणार न्हाई."