मिशा नसलेला माणूस

गल्लीत तिला सगळे कार्टूनबाई म्हणत. लढाईआधी ती मुलांच्या साप्ताहिकात चित्रकथा काढायची. दर आठवड्याला पानं द्यायची, तर प्रत्येक दुष्टाला नवा चेहरा आणणार कुठून? म्हणून एकच ठरलेला, झुपकेदार मिशा आणि पुढे आलेले दात. हात आपोआप चालायचा.

मग लढाई आली आणि तिच्या शिंपी नवऱ्याला दुकानातच मारलं. त्याच्याच इस्त्रीनं डोकं फोडलं, तरी जीव जाईना म्हणून त्याच्याच कात्रीनं गळा चिरला. ती माळ्यावर कापडाच्या ताग्यांमागे दडलेली. दिसलं काहीच नाही, ऐकू मात्र सगळं आलं. दुसरी एखादी वेडी झाली असती. ही कागद घेऊन बसली. चौकटीमागून चौकट, नुसतं रक्त. त्याला कसं मारलं ते जगाला कळलंच पाहिजे, हा एकच हट्ट. पुस्तक छापायला जाणार, त्याआधी सासूबाईंनी पान हातात घेतलं.

"हा कोण गं मिशाळ?"

"मारणारा, आई."

"डोंबल तुझं! त्याला मिशा कुठल्या? आपला वायरमन होता तो. मी समोरच्यांच्या खिडकीत होते, या डोळ्यांनी पाहिलंय."

कार्टूनबाईनं पान परत ओढून घेतलं. वायरमन! कालच फ्यूज बसवून, वर चहा ढोसून गेला होता मेला.

"आणि तुम्ही मिठाची गुळणी धरून बसलात?"

"त्यानं तुलाही कापलं असतं. एक गेला, तू तरी राहा म्हटलं. पण माझ्या लेकाच्या मरणात हे सोंग नको. त्यालाच काढ. हनुवटीवर खळी घाल."

तिनं घातली. पुस्तक निघालं, तसं ते पान तिनं दुकानाच्या काचेत लावलं. खाली नावबिव काही नाही. लोक थांबत, बघत आणि खाली मान घालून निघून जात.

चौथ्या दिवशी वायरमन आला. बघता बघता पांढराफटक पडला. हातातला पाना घालून त्यानं काच फोडली, पान ओरबाडलं, कार्टूनबाईचे केस धरून तिला काचांवर आपटलं.

"थेरडीनं सांगितलं ना? खिडकीत दिसली होती मला! तेव्हाच तिलाही संपवायला हवी होती!"

लोक दारादारांत येऊन उभे राहिले. कार्टूनबाईच्या कपाळातून रक्त डोळ्यांत उतरत होतं.

"मोठ्यानं बोल," ती म्हणाली, "सगळ्यांना ऐकू दे."