बुंदीच्या आहारात मी केलेली सुधारणा

आमच्या कुत्रीचं पोट मी बिघडवलं, हे आता घरात सर्वमान्य आहे. सुरुवातीला मी थोडा वाद घातला होता, पण पुरावे फार निघाले.

बुंदी काशीतल्या दूधविनायकच्या आमच्या गल्लीतलीच. सात वर्षांपूर्वी पिल्लू असताना तीन जिने चढून वर आली आणि परत जायचं तिनं मनावर घेतलं नाही. रंग बुंदीच्या लाडवाचा, म्हणून नाव बुंदी. घरात जे शिजेल ते तिचं जेवण. वरणभात, पोळी, आणि दुपारी अप्पांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) दुधात बुडवून दिलेला टोस्ट. तब्येत ठणठणीत. दोष एकच, जेवल्यावर ती पोटातला वारा सोडायची, आणि तोही नेमका माझ्या खुर्चीखाली बसून, मी मुलांच्या वह्या तपासत असताना. मी इंटर कॉलेजात गणित शिकवतो. त्या दिवसांत बऱ्याच मुलांचे मार्क विनाकारण कमी झाले असतील.

एका सहकाऱ्यानं सांगितलं, "घर का खाना बंद करिए, पैकेट वाला दीजिए." मी त्याच संध्याकाळी पाकीट घेऊन आलो.

"सात वर्षं वरणभात खाऊन तिचं काय बिघडलंय?" बायको म्हणाली. तिचं नाव वसुधा.

"शास्त्रीय आहार आहे," मी म्हणालो.

अप्पांनी पाकिटातली एक गोळी हातात घेऊन चष्म्याखालून पाहिली. "हे रुळांखाली घालतात ना?" ते म्हणाले. चाळीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस, त्यांना खडी ओळखू येते.

पाकिटावर बारीक अक्षरात सूचना होती, की अन्न एकदम बदलू नये, सात दिवसांत हळूहळू बदलावं. मी लगेच तक्ता केला. पहिल्या दिवशी पाव भाग नवं, पाऊण भाग जुनं, असं करत सातव्या दिवशी पूर्ण नवं. तक्ता फ्रिजवर चिकटवला आणि सगळ्यांना समजावून सांगितला. मुलगी रमा म्हणाली, "पापा, हे होमवर्क कुत्र्याला आहे की आपल्याला?"

पहिला दिवस उत्तम गेला. बुंदीनं भात खाल्ला आणि गोळ्या एकेक करून अप्पांच्या खाटेखाली नेऊन ठेवल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. मला कुठलीही गोष्ट सात दिवस होत असलेली बघवत नाही; कुकरची शिट्टीसुद्धा मी उभं राहून ऐकतो. भात दिसतोय म्हणून ती गोळ्या खात नाही, तेव्हा भातच नको, असा मी निष्कर्ष काढला आणि तिसऱ्या दिवसावरून थेट सातव्यावर उडी मारली. वाडगाभर नुसत्या गोळ्या! बुंदीनं माझ्याकडे पाहिलं, वाडग्याकडे पाहिलं आणि खाऊन टाकल्या. मला फार समाधान वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी पाच वाजता ती दारापाशी गोल गोल फिरू लागली.

तीन जिने, मग दोन गल्ल्या, मग एक मोकळी जागा. एवढं अंतर तिला धीर धरायचा होता. जिने आम्ही जवळजवळ घसरत उतरलो. पहिली गल्लीही पार झाली. दुसरीच्या तोंडाशी नंदी, म्हणजे एक मोकाट बैल, रवंथ करत बसला होता. गल्ली जेवढी रुंद, तेवढाच तो.

पानवाला दुकानाची फळी काढत होता. "मास्टर साहब, अभी नहीं उठेगा. जुगाली कर रहा है."

"कब उठेगा?"

"जब मन होगा."

बुंदी एका जागी थयथय करत होती, आणि तिच्या जोडीला मीही. तेवढ्यात मागून मराठी ऐकू आलं. साताऱ्याकडच्या पाच-सहा बायका पंचगंगा घाटावरून आंघोळ करून परतत होत्या, ओल्या केसांनी, अनवाणी. मला "अगं, थांब जरा" म्हणताना ऐकून त्या हरखल्या.

"तुम्ही मराठी? अहो, अमृतराव घाट कुठल्या बाजूला?"

काशीत कुणी मराठीत रस्ता विचारला की मला फार जोर चढतो. मी हात वर करून, डावं-उजवं करून, नीट समजावून सांगू लागलो. दुसरं वळण सांगताना माझ्या डाव्या चपलेत काहीतरी गरम जाणवलं.

बायका चार पावलं मागं सरकल्या. त्यातल्या सर्वांत वयस्कर बाईंनी वाकून, अगदी जाणकाराच्या नजरेनं पाहिलं आणि विचारलं, "खाण्यात बदल केला का हो?"

दिवसभरात आम्ही नऊ वेळा उतरलो. दुसऱ्या दिवशी मात्र बुंदी उठलीच नाही. पाणी पुढं केलं तर तोंड फिरवलं. नाक कोरडं, डोळे अर्धे मिटलेले. शेपूट तेवढी एकदा हलली, तीही मला बघून. घरात कुणी मला बोललं नाही, ते जास्त वाईट होतं.

अप्पा गेले सहा महिने गुडघ्यांमुळे खाली उतरले नव्हते. मी बुंदीला चादरीत गुंडाळून उचललं, तोवर ते काठी घेऊन पहिल्या जिन्यावर होते.

"अप्पा, तुम्ही कशाला?" वसुधा म्हणाली.

"चल, चल. वेळ नको घालवू."

रस्त्यावर येऊन ई-रिक्षा पकडली. चालकानं चादरीकडे पाहून विचारलं, "तबीयत किसकी खराब है?" मी म्हणालो, "सबकी."

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. बुंदीला सलाईन लावून त्यांनी वही उघडली. "क्या-क्या खाया है?"

मी तक्ता पाठ म्हणून दाखवला. तिसऱ्या दिवसाशी जरा घुटमळलो आणि खरं काय ते सांगून टाकलं.

"और कुछ?"

वसुधानं बुंदीची चादर नीट केली. मग वसुधा म्हणाली, "गोलियाँ बहुत सूखी थीं, तो मैं छाछ डालती थी."

रमा म्हणाली, "मैंने मोमो दिया था. आधा. मतलब, दो."

डॉक्टरीणबाईंनी अप्पांकडे पाहिलं. अप्पा छताकडे पाहत होते. "रबड़ी," ते म्हणाले. "थोड़ी. रोज़."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मतलब खाना बदला नहीं, बढ़ाया है."

संध्याकाळपर्यंत बुंदीनं मान उचलली आणि ती वाटीभर पाणी प्यायली. अप्पांनी हळूच उपरण्यानं डोळे पुसले आणि धूळ फार आहे म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी मऊ भात सांगितला आणि औषधाच्या दहा पुड्या दिल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, पाण्यातून. शिवाय खायला घालणारा माणूस एकच हवा, असं बजावलं. घरी मतदान झालं, त्यात मला एकही मत पडलं नाही. मी स्वतःचंही वसुधाला दिलं.

त्या धावपळीत माझंच पोट बिघडलं होतं. जळजळ, गुडगुड, सगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर पाण्याच्या भांड्याशेजारी एक पुडी ठेवलेली दिसली. एवढं सगळं होऊनही वसुधानं न बोलता माझ्यासाठी औषध काढून ठेवलं, या विचारानं मला भरून आलं. मी पुडी पाण्यात ढवळून प्यायलो. त्याच्या पुढच्या दिवशीही पुडी होती. वसुधा स्वयंपाकघरातून विचारायची, "पुडी झाली?" मी म्हणायचो, "झाली."

पाचव्या दिवशी बुंदी खडखडीत बरी होऊन जिन्यात उड्या मारत होती. मलाही हलकं वाटत होतं. मी वसुधाजवळ जाऊन मनापासून म्हणालो, "माझ्या पोटासाठी तू रोज पुड्या काढून ठेवल्यास, मला लक्षात राहील."

तिनं लाटणं खाली ठेवलं. "कुठल्या पुड्या? ओट्यावरच्या? त्या तू बुंदीला पाजाव्यास म्हणून ठेवत होते मी!"

रमानं ताबडतोब डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि सगळं सांगून स्पीकर चालू केला. पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "सर, आपका वज़न कितना है?"

"बहत्तर किलो," मी म्हणालो.

"तब तो डोज़ कम पड़ा होगा."

तसा तो कमी पडला नव्हता, पण हे मी फोनवर बोललो नाही.