सात वेळापत्रकं

"मी एक उत्तर मागितलं होतं. हे सात कागद कशाला?" शेठ म्हणाले.

फैजपूरजवळच्या केळीच्या पॅकहाऊसचे ते मालक. मी तिथे प्लॅनिंग बघतो. लांबच्या तीन गावांचा माल तापून येत होता, रिजेक्ट होत होता. सोमवारपासून ती गावं बंद करायची, असं शेठनी जवळजवळ ठरवलं होतं. तेवढ्यात काही जमतं का बघा, म्हणाले.

आमची उद्दिष्टं दोन: गाड्या कमी फिराव्यात आणि कापलेला घड कमी वेळ थांबावा. एक सुधारलं की दुसरं बिघडतं. म्हणून कॉम्प्युटर एकच उत्तर देत नाही. जिथे एका बाजूला तोटा सोसल्याशिवाय दुसरीकडे फायदा होत नाही, तेवढीच वेळापत्रकं तो ठेवतो. या यादीला पॅरेटो फ्रंट म्हणतात. आमच्या घरात कॉलेज पाहणारा मी पहिला. धुळ्याला कॉलेजच्या सरांनी हा विषय रविवारी वेगळं बसवून शिकवला, ते ऋण आहेच.

"यातलं चांगलं कुठलं?"

"ते तुम्ही निवडायचं, शेठ."

"मग तुमचं काम काय?"

बोलणं खरं होतं. शिवाय सातही कागदांत लांबचा माल तापलेलाच होता.

मी आबांना गाठलं. आबा कटाईच्या टोळीचे मुकादम, मूळ धुळ्याकडचे. माझ्या आईसारखी अहिराणी बोलतात.

"आबा, घड कव्हय कापतस?"

"सकायलेच. बठ्ठा एकदम."

"गाडी दुपारले येस तरी?"

"गाडी कव्हय येस, हाई आम्हले कोन सांगस? शिकेल पोऱ्या शेस तू, तरी इचाराले इतला दिन लागनात."

गाडीची वेळ टोळीला कोणी कळवतच नव्हतं, म्हणून सगळा माल सकाळीच कापला जात होता. कटाईची वेळ सकाळची, हे मी प्रोग्रॅममध्ये पक्कं धरून टाकलं होतं. आदल्या संध्याकाळी गाडीची वेळ फोनवर कळली तर लांबची शेतं शेवटी कापू, असं आबांनी कबूल केलं. मग कटाईची वेळही प्रोग्रॅमला ठरवू दिली. नवी यादी आली. गाड्या तेवढ्याच फिरून माल निम्मा वेळ थांबत होता.

या वेळी मी स्वतः निवडून शेठपुढे तीनच कागद ठेवले.

"पहिल्यापेक्षा मधल्यात एक फेरी जादा दिसते."

"हो. पण त्यात लांबचा माल तापत नाही, तिन्ही गावं राहतात."

शेठनी मधल्या कागदावर खूण केली.

सोमवारी लांबची गाडी आली. ग्रेडिंगवाल्या अक्कांनी घडाला हात लावला, तो गार लागला तसा पुढे सरकवला. तिन्ही गावं अजून चालू आहेत.

आता प्रोग्रॅममध्ये कुठलीही गोष्ट पक्की धरण्याआधी ती कोणी पक्की केली, हे मी विचारून घेतो. बहुतेक वेळा कोणीच केलेली नसते.