बिनआवाजी दारूकाम

यात्रा कमिटीत बारा वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, घरातल्या पिशव्यांसारखे आपोआप साठतात. यंदाचे तर असे, की नेमकं कोण चुकलं हेच मला अजून कळलेलं नाही!

निमोण्याच्या पुढं आमचं गाव. माझी धाकटी बहीण मंगल तिशीतली, स्वमग्न आहे. अचानक आवाज झाला की तिला सहन होत नाही. म्हणून यात्रेत शोभेचं दारूकाम असलं की मी तिला दौंडला मावशीकडं सोडायचो. यंदा ती म्हणाली, "मला बघायचंय." लाज वाटली हो मला. इतकी वर्षं तिला कुणी विचारलंच नव्हतं.

*

मीटिंगमध्ये विषय काढला. अध्यक्ष आप्पांनी विचारलं, "म्हंजी तिला ऐकू येत न्हाई?"

"न्हाई आप्पा, आपल्यापेक्षा जास्त येतं."

आप्पा विचारात पडले. "मग ही तक्रार हाय का कौतुक?"

*

दारूकामवाल्या मामांना सांगितलं, आधी वीस मिनिटं नुसता उजेड, आवाजाचे औट नंतर. मामांचा चेहरा पडला. "आवाज न्हाई तर लोकं वर बघतील कशाला?"

मग त्यांनीच तोडगा काढला. "सुरुवातीला एक दणकून बार काढू, समद्यांच्या माना वर. मग गप!"

कमिटीनं तो बार एकमतानं मंजूर केला! तो रद्द करायला मला दोन मीटिंगा लागल्या.

*

कंपनीत मशीनपाशी आवाज अडवायला कानावर लावतात ते मफ चुलतभावानं आणले. नुसते हातात द्यायला आप्पा तयार होईनात. आदल्या संध्याकाळी मंगलला स्टेजवर बोलावलं. शाल, श्रीफळ आन् मफ! वर हलगी, ताशा! मंगल कान दाबून घरी पळाली.

आप्पा मला विचारतात, "का रं, शाल हलकी वाटली का तिला?"

मी कपाळावर हात मारला. आता ती काही येत नाही, असंच वाटलं.

*

पण आली. पुढं काय होणार ते आधी कळलं की ती घाबरत नाही, म्हणून मी तिला वेळा कागदावर लिहून दिल्या होत्या. मफ लावून पहिल्या रांगेत बसली. आठ वाजले तरी प्रमुख पाहुण्यांचं भाषण चालूच! त्यांना थांबवायची कुणाची छाती? मंगल कागद बघायची, घड्याळ बघायची, मागंपुढं झुलायला लागली. यंदाही तिचं राहिलंच म्हणायचं!

ती उठली. सरळ स्टेजवर गेली, कागद पाहुण्यांपुढं ठेवला आणि परत खुर्चीत येऊन बसली. राहिलेल्या मान्यवरांच्या नावांची चिठ्ठी असेल, असं समजून साहेबांनी माइकवर वाचली, "आठ वाजता उजेडाचं झाड. आठ-पाचला सोनेरी पाऊस. आठ-वीसला मंगल घरी, मग औट."

पलीकडं रानात मामा माइकवरच्या हुकुमाचीच वाट बघत होते. दिली की वात पेटवून!

आभाळभर उजेड झाला. साहेब भांबावले. उभ्याउभ्याच आप्पांना विचारतात, "ही मंगल कोण? कुठल्या पदावर हाय?"

पहिल्या रांगेतल्या खुर्चीतून मंगल म्हणाली, "साहेब, खाली बसा. दिसत न्हाई."