नागेंद्र गेल्यावरचा रविवार

वडगावातल्या परशरामच्या घरी माग होते; तो मात्र लग्नाच्या बँडमध्ये शिरला. तिथं गोव्याकडच्या एका म्हाताऱ्या वादकानं त्याला सॅक्सोफोन शिकवला. पुढं तो कॅम्पातल्या जुन्या रेस्टॉरंटात नागेंद्रच्या पियानोबरोबर वाजवू लागला.

तिथं जेवायचं म्हणजे सणच. इस्त्रीचे पांढरे टेबलक्लॉथ, खोल बशीत सूप, मटण कटलेट, शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. दर रविवारी दुपारी हे दोघं जॅझ वाजवत. चाल ठरलेली असे, पुढची वाट नसे. परशराम एखादी ओळ अर्धी टाकून थांबायचा, नागेंद्र ती उचलून भलतीकडंच न्यायचा. मग तिचा पाठलाग करत दोघं मूळ चालीवर परतायचे. एरवी बोलणं फारसं नव्हतंच. नागेंद्र कानडी, हा मराठी, आणि दोघंही अबोल.

दिवाळीनंतर नागेंद्र हृदयविकारानं गेला. मालक युवराजनं पियानोची साथ आपोआप वाजवणारं यंत्र आणलं. "अण्णा, बटण दाबायचं, वाजवायचं. काय अडत न्हाय."

पहिल्याच रविवारी परशरामनं सवयीनं ओळ अर्धी सोडली. यंत्र आपल्याच ठेक्यात पुढं निघून गेलं. त्यानं वेगळी वाट धरून बघितली. यंत्राला पत्ताच नव्हता. शेवटी त्यानं वाकून बटण बंद केलं आणि एकटाच वाजवू लागला. तो थांबला की काट्याचमच्यांचाच आवाज ऐकू येई.

"विसरला काय गा?" युवराजनं वेटर भरमाला विचारलं.

"न्हाय मालक. थांबल्यात."

वाजवणं संपलं. दोघं वादक समोरासमोर बसून जेवायचे ते आत, स्वयंपाकघरात. परशराम तिकडं निघाला, दारात थबकला आणि वळून खिडकीजवळच्या टेबलावर बसला. या हॉलात तो कधी जेवलाच नव्हता.

भरमा धावत आला. "अण्णा, हितं?"

"व्हय रं. आज गिऱ्हाईक हाय मी. सूप आण."

"आनि कोन येनार हाय?"

"कोन न्हाय."

भरमानं समोरची बशी उचलून नेली.

सूप गरम होतं, वर मिरपूड. झकास झालंय म्हणून सांगायला त्यानं मान वर केली, तर पुढ्यात रिकामी खुर्ची. तो सावकाश सगळं जेवला. उठताना युवराजला म्हणाला, "यंत्र परत दे. एकटाच वाजवीन."

युवराजनं ते मान्य केलं. आता परशराम ओळी अर्ध्या सोडत नाही, आपल्या आपणच पुऱ्या करतो. लोक टाळ्या वाजवतात. मग तो खिडकीशी बसून जेवतो आणि सिटी बसनं वडगावला जातो.