अकरा हजार एकवीस धागे

पुरतं न तपासता चारचौघांत कुणाला मूर्ख ठरवलंय तुम्ही कधी? खोटं बोलू नका. मोठ्या जाऊबाईंनी ठरवलं, आणि तेही स्वतःच्या धाकट्या जावेला.

दोघी एकाच कापडाच्या कारखान्यात. मोठ्या जाऊबाई मागावर उभे धागे चढवायच्या. शाळा चौथीपर्यंत, पण आकड्यांवर अशी हुकमत की सगळे त्यांना पंडितीण म्हणत. हाक आली की मान दोन बोटं वर जायची.

एकदा रुंद पट्टेरी कापडाचं काम आलं. गिऱ्हाईकाला सगळे पट्टे सारखे हवे होते. त्या मागाला अकरा हजार एकवीस धागे लागत. एक कमी नाही, एक जास्त नाही. धाकटी म्हणाली, "याचे सारखे पट्टे पडतील. दोन्ही कडा निळ्या. नमुना मी काढते." तिचा पहिलाच नमुना.

पंडितीणबाईंनी खडू उचलला. दोननं भाग जाईना, तीननं जाईना. चारनं बघायचंच कशाला? जिथं दोन अडला तिथं चार काय उजेड पाडणार! असे फक्त अविभाज्य आकडे घेत त्या एकशे एकपर्यंत आल्या. दर वेळी बाकी उरली. खरं तर एकशे पाचपर्यंत जायला हवं होतं. एकशे पाच गुणिले एकशे पाच म्हणजे अकरा हजार पंचवीस. तोवर भाजक सापडला नाही, तर पुढं शोधण्यात अर्थ नाही. हा नियम त्याच सगळ्यांना शिकवत. राहिला होता एकच आकडा. पण हात भरून आला होता, आणि लोक बघत होते.

"ही संख्या कुणाच्या बापाला भागायची नाही!" खडू आपटून त्या म्हणाल्या. "आणि निघाली नमुने काढायला! आधी बॉबिन भरायला शीक."

हशा पिकला. मालकानं काम परत पाठवलं आणि धाकटीला खरंच बॉबिनवर बसवलं.

आठवड्याभरानं भांडी घासताना तो राहिलेला आकडा टोचला. एकशे तीन. जाऊबाईंनी ओट्यावर ओल्या बोटानं भागाकार मांडला. एकशे सात आले, बाकी शून्य. म्हणजे एकशे तीन धाग्यांचा एक, असे एकशे सात पट्टे. पट्टे विषम, म्हणजे एकाआड एक रंग घेतला की दोन्ही कडा निळ्याच. हातातलं पातेलं तसंच राहिलं.

त्या धाकटीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "अगं, भाग जातो."

"ठाऊक आहे, जाऊबाई. तुम्ही खडू टाकलात तेव्हाच मी केला होता. नमुनाही काढून ठेवलाय."

"मग तोंडात मिठाची गुळणी का धरलीस?"

"तुम्ही हसत होतात." धाकटीनं दार अर्धं लोटलं. "इथं नका सांगू. जिथं हसलात तिथं सांगा."

दुसऱ्या दिवशी सगळे माग थांबवून त्यांनी सांगितलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मालक "असू दे, पंडितीणबाई" म्हणून चालू लागला. काम गेलं ते गेलंच. धाकटी अजून बॉबिनच भरते.

तिकडं कधी गेलात तर एवढं करा. मोठ्या जाऊबाईंना पंडितीण म्हणू नका. आणि धाकटीला नमुना दाखवायला सांगा. तिनं तो टाकलेला नाही.