बसूनरावांचं मत

बसूनराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथेच राहिलं. खुर्च्यांच्या कारखान्यात ते बसायला होते. बाकीचे लोक कामाच्या वेळेत बसतात आणि वर बोलणी खातात. यांचं बसणं हेच काम. नव्या घडणीची खुर्ची तयार झाली की आधी त्यांच्या खोलीत यायची. मग ते तिच्यावर ताठ बसायचे, रेलून बसायचे, एका कुशीवर कलून बसायचे, नको असलेल्या पाहुण्यासमोर बसतात तसे टोकावर बसायचे. कोणी दारातून डोकावून विचारलं, "काय, कशी आहे?" की उत्तर ठरलेलं.

"बसून सांगतो."

"अहो, बसलाच आहात की!"

"अजून बसून सांगतो."

त्यांचं म्हणणं असं, की खुर्ची बसताना कळतच नाही. बसताना सगळ्याच खुर्च्या गोड बोलतात. कळते ती उठताना. उठताना गुडघा 'सुटलो बाबा' म्हणाला, की ती खुर्ची कामातून गेली. शेरे चार होते: नापास, चालेल, चांगली, आणि सगळ्यात वरचा 'उठवत नाही'. हा शेवटचा शेरा कारखान्याच्या पहिल्या मालकाने हौसेने काढला होता. बसूनरावांनी तो आजवर एकाही खुर्चीला दिला नव्हता. एकदा खुद्द साहेबांनी आपल्या लाडक्या खुर्चीसाठी गळ घातली. बसूनराव तिच्यावर दिवसभर बसले, संध्याकाळी उठले आणि म्हणाले, "उठवलं की."

असा माणूस घरी गेल्यावर बदलतो थोडाच? चपला घेतल्या, दुकानदाराने विचारलं की "चालून सांगतो." डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतंय, तर "बरा होऊन सांगतो." आणि लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी नव्या नवरीने लाजत लाजत विचारलं, "मी कशी वाटले?" तेव्हा या गृहस्थांनी तिच्याकडे नीट बघून, अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, "राहून सांगतो."

ती हसली. तिला वाटलं, थट्टा आहे. या गोष्टीला आता तीस वर्षं होत आली होती. मुलगी झाली, शिकली, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, पण उत्तर काही आलं नाही. बायकोने आधी आठवण करून पाहिली, मग टोमणे मारून पाहिले, मग ती गप्प बसली. बायको गप्प बसली म्हणजे विसरली, असं जगात फक्त नवऱ्यांनाच वाटतं.

आणि मग ती नवी सिस्टीम आली.

एका सोमवारी लोक कामावर आले तर सगळ्या कॉम्प्युटरांवर मुख्य कचेरीने नवी ऑपरेटिंग सिस्टीम घालून ठेवलेली. डाव्या कोपऱ्यातलं बटण उठून मध्ये येऊन बसलं होतं. झालं! दुपारपर्यंत कारखान्यात दोन तट पडले.

हिशेबनीस जुन्यांचे पुढारी. "इतकी वर्षं माझा हात आपोआप कोपऱ्यात जातोय," ते म्हणाले, "आता तिथे काहीच नाही! उद्या घरी जावं आणि दार भिंतीतून निघून खोलीच्या मधोमध उभं असावं, तर तुम्ही काय कराल?"

"आत जाऊ," खुर्च्यांचे आराखडे काढणाऱ्या बाई म्हणाल्या. त्या नव्यांच्या पुढारी. "आणि चौकटींचे कोपरे बघा ना, कसे गोल केलेत. किती प्रेमळ वाटतं!"

"कोपऱ्याने तुम्हाला कधी मारलं होतं?"

गोदामवाल्याचं दुखणं निराळंच. "पूर्वी हे अडकायचं तर सरळ अडकायचं. आता अडकतं आणि वर 'कृपया थांबा, तुमच्यासाठी तयारी चालू आहे' म्हणतं. फार गोड बोलणाऱ्याचा मला आधीच संशय येतो." तो जुन्यांत गेला. दारावरच्या पहारेकऱ्याकडे कॉम्प्युटरच नव्हता, त्यामुळे त्याचं मत सगळ्यात पक्कं होतं. तो नव्यांत. का, तर "जुन्याने माझं काय भलं केलं?"

जेवणाच्या खोलीत नव्यांनी आपलं टेबल ओढून बरोबर मधोमध आणलं. जुन्यांनी आपलं रेटत डाव्या कोपऱ्यात नेलं. त्या कोपऱ्यात स्वयंपाकघराचं दार होतं. आचारी आत अडकला. त्याचं मत कोणी विचारलं नाही, पण ते सगळ्यांना ऐकू येत होतं.

आता खरी मेख अशी, की प्रत्येक कॉम्प्युटरवर एक चौकट आली होती: 'नवी सिस्टीम आवडली का?' खाली दोन बटणं, हो आणि नाही. कारखान्यातून ज्या बाजूला जास्त मतं पडतील ती सिस्टीम तिथे राहणार, असं मुख्य कचेरीने कळवलं होतं. सगळ्यांनी तावातावाने बटणं दाबली. साहेबांनी मदतनीस बाईंना दाबायला सांगितलं, बाईंनी साहेबांना विचारून दाबलं, आणि काय दाबलं ते आता दोघांनाही सांगता येईना. मोजून पाहिलं तर दोन्ही बाजू अगदी समसमान. एकच मत राहिलं होतं.

"वापरून सांगतो," बसूनराव म्हणाले.

उत्तर दिल्याशिवाय चौकट जागची हलत नव्हती. ती त्यांच्या स्क्रीनच्या मधोमध ठाण मांडून बसली. बसूनरावांनी तिला त्रास दिला नाही. डावीकडे चार बोटं जागा उरली होती, तिथे ते आपले शेरे लिहू लागले. 'चालेल' मावायचं, 'नापास' मावायचं. वाक्य लांबलं की शेवटची अक्षरं चौकटीमागे जायची, आणि ती तिथे असतीलच असा विश्वास ठेवून ते पुढच्या ओळीवर यायचे.

दोन्ही तटांची त्यांच्या खोलीत ये-जा सुरू झाली. हिशेबनीस येऊन जुन्या दिवसांच्या आठवणी काढायचे. आराखडेवाल्या बाई येऊन गोल कोपऱ्यांवरून हळुवार बोट फिरवून दाखवायच्या. "या आठवड्यात काय ते सांगा," साहेबांनी हात जोडले.

बसूनरावांनी ही हकिकत घरी जेवताना सांगितली. ते कारखान्यातलं सगळं घरी सांगायचे आणि बायको प्रत्येक वाक्यामागे "मग?" म्हणायची. आज तिचं "मग?" मध्येच थांबलं.

"म्हणजे त्या यंत्राने विचारलं, आणि त्याला तुम्ही उत्तर देणार?"

"वापरून देणार."

"कधी?"

"साहेब म्हणतात, या आठवड्यात."

बायकोने हातातला घास ताटात ठेवला. "आठवड्यात! आणि मी विचारलं होतं त्याचं काय? माझा नंबर आधी आहे की नाही?"

"आहे," बसूनराव म्हणाले. नंबरांच्या बाबतीत ते खोटं बोलत नसत.

"मग ऐका. माझ्याआधी त्या डबड्याला उत्तर मिळालं, तर मी भावाकडे राहायला जाईन. दोन-चार दिवस नाही, कायमची. त्याची पुढची खोली रिकामीच आहे."

तिने आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बसूनराव निर्धास्त झाले असते. ते मनातून हबकले.

दुसरा कोणी असता तर तिथल्या तिथे "छान आहेस गं" म्हणून मोकळा झाला असता. तुम्ही-आम्ही तेच करतो आणि संसार चालतात. पण न तपासता शेरा द्यायचा? तोही हिला? तीस वर्षं ज्या माणसाने तिष्ठत ठेवलं, त्याने घाबरून उरकून टाकलेलं उत्तर तिला कळणार नाही थोडंच! बसूनराव रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले, आणि सकाळी त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बसून कळत नाही, उठून कळतं. आणि ते उठलेच नव्हते! सिस्टीमवरूनही नाही आणि संसारातूनही नाही.

आधी यंत्रावर करून पाहावं म्हणून त्यांनी साहेबांना गाठलं. "एक दिवस जुनी सिस्टीम परत घाला. उठल्याशिवाय मला कळायचं नाही."

सिस्टीमवाल्या बाई आल्या. सुस्कारे टाकत त्यांनी सगळीकडे जुनी सिस्टीम घातली. जुन्यांनी टाळ्या वाजवल्या. मग हिशेबनीस कामाला बसले, त्यांचा हात सवयीने मध्ये गेला, आणि ते ओरडले, "बटण कुठे गेलं? कोपऱ्यात? कोपऱ्यात कोणी बटण ठेवतं का?" गोदामवाल्याचं यंत्र अडकलं आणि गुमान राहिलं. त्याने वाट पाहिली. "अरे, काही बोलशील की नाही? माणूस उभा आहे समोर, काही रीत?" तिकडे आराखडेवाल्या बाई टोकदार कोपऱ्यांकडे बघत राहिल्या. "काय स्वच्छ आहेत हो," त्या हळूच म्हणाल्या. "उगाच लाडीगोडी नाही." पहारेकरी जुन्यांत गेला. का, तर "नव्याने तरी माझं काय भलं केलं?"

दुपारी जेवणाच्या खोलीत कोपऱ्यातले मध्ये आले आणि मधले कोपऱ्यात गेले. आचारी परत अडकला. साहेबांनी मतं पुन्हा मोजली. समसमान!

सिस्टीमवाल्या बाईंनी नवी सिस्टीम परत घातली. चौकट परत आली.

बसूनरावांना मात्र सिस्टीमबद्दलचं आपलं मत आता कळलं होतं: चालेल. चौकटीत 'चालेल'चं बटण नव्हतं, पण ती अडचण नंतरची. आधी जिचा नंबर होता तिच्याशी बोलायला हवं होतं.

"अगं, मी तुला उत्तर का देऊ शकलो नाही ते सापडलं," घरी येऊन ते उत्साहाने म्हणाले. "मी तुझ्यापासून कधी उठलोच नाही! उठल्याशिवाय शेरा कसा देणार?"

अशा वेळी काय बोलावं हे कुठल्याच आईने कुठल्याच मुलीला शिकवलेलं नसतं.

"तुम्ही नका उठू," बायको म्हणाली. "तुम्हाला वेळ लागतो. मीच उठते."

सकाळी ती बॅग भरून निघाली. भाऊ दोन गल्ल्या सोडून राहायचा. दारात वळून म्हणाली, "ही चाचणी आहे. पण चाचणीला गेलेलं माणूस परत येतंच असं नाही, एवढं लक्षात ठेवा."

खरं सांगायचं तर पहिल्या संध्याकाळी बसूनरावांना बरं वाटलं. पाय टेबलावर ठेवता आले. वर्तमानपत्र शेवटच्या पानावरून सुरू करता आलं. दुसऱ्या संध्याकाळी ताट वाढून घेतल्यावर ते सवयीने बोलू लागले, "आज एक झुलती खुर्ची आली होती." आणि थांबले. "मग?" कोणी म्हटलंच नाही. त्यांनी पुढचं वाक्य काढायचा प्रयत्न केला, पण ते निघेना. झुलत्या खुर्चीचं पुढे काय झालं, हे त्यांचं त्यांनाही आठवेना. स्वतःच "मग?" म्हणून पाहिलं, आणि इतकं ओशाळल्यासारखं झालं की ताट तसंच झाकून ठेवलं.

त्यानंतर ते कारखान्यात प्रत्येक खुर्चीला नापास करू लागले. झुलती नापास, घडीची नापास, आधी 'चांगली' म्हणून गेलेलीही परत बोलावून नापास. कशावरही बसलं तरी काहीतरी टोचत होतं. "सगळ्या खुर्च्या एकदम कशा बिघडल्या?" साहेबांनी विचारलं. बसूनराव म्हणाले, "मलाही तेच कळत नाही."

शेवटी मुख्य कचेरीचा निरोप आला. पुढच्या महिन्यात आणखी नवी सिस्टीम येत होती, त्यामुळे हिच्याबद्दलची मतं रद्द. सगळ्या स्क्रीनवरून चौकट नाहीशी झाली. साहेब स्वतः बसूनरावांच्या खोलीत आले आणि मायेने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सुटलात! आता तुमच्या मताची गरज उरली नाही."

बाहेर, अजून न आलेल्या सिस्टीमवरून हिशेबनीस आणि आराखडेवाल्या बाईंची जुंपली होती. बसूनरावांनी स्क्रीनकडे बघितलं. चौकटीमागे गेलेली सगळी अक्षरं आपापल्या जागी होती. पण साहेबांचं वाक्य त्यांच्या डोक्यातून जाईना. आता तुमच्या मताची गरज उरली नाही. हेच वाक्य तिनेही म्हटलं तर?

ते उठले. आयुष्यात पहिल्यांदा, खुर्ची कशी होती याचा विचार न करता उठले, आणि निघाले.

मेहुण्याने दार उघडलं. बसूनराव धापा टाकत उंबऱ्यात उभे. मागून बायको आली, हातातलं फडकं तसंच घेऊन. बसूनरावांनी वाटेत बरंच काही जुळवलं होतं. त्यातलं फक्त शेवटचं बाहेर आलं.

"उठवत नाही," ते म्हणाले.

"कंबर धरली का?" मेहुणा घाबरून म्हणाला. "थांबा, आत या, शेक देऊ."

तीस वर्षं रोज जेवताना बायकोने ते चार शेरे ऐकले होते. हा चौथा कोणत्या खुर्चीला मिळाला, असं ती अधूनमधून विचारायची, आणि कुठल्याच नाही असं उत्तर यायचं. तिने फडकं दुसऱ्या हातात घेतलं. तिचे डोळे भरून आले होते.

"मग?" ती म्हणाली.

ते "मग?" ऐकून बसूनरावांना रडूच आलं. "मग काही नाही," ते म्हणाले. "एवढंच आहे. पण तपासून सांगतोय."

ती आत गेली आणि बॅग घेऊन आली. मेहुणा गरम पाण्याची पिशवी हातात घेऊन दारात उभाच राहिला.

गल्लीच्या वळणावर बसूनरावांनी चालता चालता खाकरून घेतलं. "आणि मी? मी कसा वाटलो?"

बायकोने बॅग त्यांच्या हातात दिली.

"राहून सांगते," ती म्हणाली.

बसूनरावांना ते उत्तर अगदी रास्त वाटलं. तरी घर येईपर्यंत त्यांनी तिला आणखी दोनदा विचारलं.